एकच वस्तू, दोनदा तपासणी: सिंगलटनच्या आठ वर्षांचा इतिहास

मंडळी, आजचा विषय जेमतेम पाच-सहा ओळींचा आहे. खरंच तेवढाच. एखाद्या प्रोग्रॅममध्ये अमुक एक वस्तू एकच असली पाहिजे, दुसरी तयारच होता कामा नये, आणि ती ज्याला हवी त्याला कुठूनही मिळाली पाहिजे, एवढी साधी मागणी. तिचं उत्तर म्हणजे सिंगलटन पॅटर्न. इंजिनिअरिंगच्या मुलांना तो शिकवतात, नोकरीच्या मुलाखतीत फळ्यावर लिहायला लावतात, आणि बरेचसे उमेदवार दोन मिनिटांत लिहूनही दाखवतात. पण १९९६ ते २००४ या आठ वर्षांत भल्याभल्या लोकांनी या ओळी ज्या पद्धतीने लिहिल्या, ती पद्धत चुकीची होती. चूक ओळींत दिसत नव्हती, चाचणीत सापडत नव्हती, आणि ती दुरुस्त करायला शेवटी प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा कायदाच बदलावा लागला. तो इतिहास आज आपण पाहणार आहोत.

सुरुवात मात्र संगणकाच्या बाहेर करावी लागते. ख्रिस्तोफर अलेक्झांडर हे वास्तुरचनाकार. १९६४ साली त्यांचं ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ हे पुस्तक आलं. त्याच्या परिशिष्टात उदाहरण म्हणून काय घेतलंय, तर भारतातलं एक खेडं. गुरं, पाणी, जाती, शेतं, रस्ते अशा सगळ्या मिळून त्या खेड्याच्या १४१ गरजा त्यांनी नोंदवल्या आणि कुठली गरज कुठल्या गरजेत गुंतलेली आहे ते पाहून त्यांचे गट पाडले. पुढे १९७७ साली सहकाऱ्यांबरोबर ‘अ पॅटर्न लँग्वेज’ हा ग्रंथ काढला, त्यात २५३ पॅटर्न. पॅटर्न म्हणजे काय? पुन्हा पुन्हा उभी राहणारी अडचण आणि तिच्यावर पुन्हा पुन्हा उपयोगी पडलेला तोडगा, नाव देऊन लिहून ठेवलेला. आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांकडे, सुतारांकडे हे ज्ञान तोंडी असायचंच. ओसरी का हवी, पडवीचा उतार किती, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. अलेक्झांडरनी असलं ज्ञान कागदावर आणलं.

ही कल्पना प्रोग्रॅमिंगवाल्यांनी उचलली. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्हिलिसिडिस या चौघांचं ‘डिझाइन पॅटर्न्स’ हे पुस्तक १९९४ च्या ऑक्टोबरात पोर्टलंडच्या ऊप्स्ला परिषदेत विक्रीला आलं. पुस्तकावर साल १९९५ छापलेलं आहे, म्हणून दोन्ही साली सापडतात. लेखक चार, म्हणून लोक त्यांना ‘गँग ऑफ फोर’ म्हणायला लागले. पुस्तकात २३ पॅटर्न आहेत, आणि त्यातला सगळ्यात सोपा दिसणारा सिंगलटन.

त्यांनी दिलेली उदाहरणं अगदी रोजची होती. ऑफिसात प्रिंटर कितीही असोत, छपाईची रांग सांभाळणारा स्पूलर एकच हवा. फाइल सिस्टिम एक, खिडक्या सांभाळणारा विंडो मॅनेजर एक. मग करायचं काय? त्या क्लासचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे वस्तू घडवण्याचं दार, बाहेरच्यांना बंद करायचं. क्लासच्या आत एक जागा ठेवायची, सुरुवातीला रिकामी. आणि बाहेरच्यांसाठी एकच फंक्शन उघडं ठेवायचं. कोणी वस्तू मागितली की ते बघणार: जागा रिकामी आहे का? असेल तर वस्तू घडव, जागेवर ठेव आणि दे. नसेल तर आधीचीच दे. झालं. एवढाच सिंगलटन.

कोणी म्हणेल, यापेक्षा प्रोग्रॅम सुरू होतानाच एक ग्लोबल वस्तू करून ठेवली असती तर? चौघांनी हा प्रश्न टाळलेला नाही. ग्लोबल वस्तू असली म्हणून दुसरी कोणी करणार नाही याची खात्री नाही. शिवाय सुरुवातीलाच वस्तू करायची तर तिला लागणारी माहिती तेव्हा हाताशी असेलच असं नाही. आणि सी++ मध्ये तिसरी अडचण अशी, की वेगवेगळ्या फाइलींतल्या ग्लोबल वस्तू कुठल्या क्रमाने जन्माला येतील हे भाषा सांगतच नाही. म्हणून ‘मागितल्यावर घडव’ हा आळशी मार्ग. हा आळस लक्षात ठेवा, पुढची सगळी रामकहाणी त्याच्यातून निघालेली आहे.

‘जागा रिकामी आहे का’ हे बघणं आणि वस्तू घडवणं, या दोन कृतींच्या मध्ये फट आहे. प्रोग्रॅममध्ये एकच थ्रेड, म्हणजे कामाचा एकच धागा असेल, तर फटीचं काही बिघडत नाही. पण दोन थ्रेड एकाच क्षणी आले तर? पहिला बघतो, रिकामी. तो घडवायला लागतो न लागतो तोच दुसरा बघतो, त्यालाही रिकामी. दोघंही घडवतात. स्पूलर दोन झाले, छपाईच्या दोन रांगा झाल्या, अर्धी कामं एकीत, अर्धी दुसरीत. १९९४ च्या पुस्तकातला नमुना या बाबतीत गप्प आहे. त्याचा दोष चौघांना देण्यात अर्थ नाही, कारण ज्या सी++ मध्ये त्यांनी नमुने लिहिले तिला थ्रेड म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. पण १९९६ च्या जानेवारीत जावाची पहिली आवृत्ती आली, आणि जावाच्या पोटातच थ्रेड होते.

उपाय उघड होता: कुलूप, म्हणजे लॉक. बँकेच्या लॉकररूमसारखं, एक जण आत असेपर्यंत दुसरा बाहेर थांबणार. फंक्शनला लॉक लावलं की काम बिनचूक. पण व्यवहारी माणसाला ते खटकतं, कारण वस्तू घडते आयुष्यात एकदा, आणि लॉक मात्र ती मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, लाखो वेळा, उघडबंद करावं लागतं. सुरुवातीच्या जावामध्ये लॉक महागही होतं. घरात एकदाच चोरी होऊ शकते म्हणून रोज प्रत्येक खोलीत शिरताना कुलूप काढायचं, असला प्रकार.

इथे डग्लस श्मिट आणि टिम हॅरिसन येतात. दोघं तेव्हा सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. १९९६ साली पॅटर्नवाल्यांच्या ‘प्लॉप’ परिषदेत त्यांनी ‘डबल-चेक्ड लॉकिंग’ हा पॅटर्न मांडला. आपण त्याला दोनदा तपासणी म्हणू. युक्ती अशी: आधी लॉक न लावताच बघायचं, जागा भरलेली आहे का. भरलेली असेल तर वस्तू घ्यायची आणि चालू पडायचं, लॉकचा संबंधच नाही. रिकामी दिसली तरच लॉक घ्यायचं, आत गेल्यावर पुन्हा एकदा बघायचं, कारण आपण लॉकसाठी थांबलो तेवढ्यात दुसऱ्याने घडवली असेल, आणि अजूनही रिकामी असेल तरच घडवायची.

ऐकताना पटतं की नाही? आजही पटतं. आमच्या मते याच्या प्रसाराचं कारण हेच होतं. वाचणाऱ्याला एकदम ‘अरे वा, शाबास’ वाटतं. पुस्तकांत आली, मासिकांत आली, कंपन्यांच्या कोडमध्ये गेली, आणि जावावाल्यांनी तर ती डोक्यावरच घेतली.

आता यात चुकलं कुठे, हे जरा सावकाश बघू, कारण सगळं पाणी इथे मुरतंय.

‘वस्तू घडव आणि जागेवर ठेव’ हे आपण एका ओळीत लिहितो, पण मशीनच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या कृती आहेत. मेमरीत जागा घ्यायची, ही पहिली. त्या जागेत वस्तूच्या आतल्या किमती भरायच्या, म्हणजे कन्स्ट्रक्टर चालवायचा, ही दुसरी. आणि त्या जागेचा पत्ता सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लिहायचा, ही तिसरी. आपण मनात धरतो की हे याच क्रमाने होणार. पण कंपायलरला क्रम बदलायची मुभा असते, आणि प्रोसेसरलाही असते. अट एकच: ज्या थ्रेडचं काम चालू आहे त्या थ्रेडला स्वतःला फरक जाणवता कामा नये. काम लवकर उरकावं म्हणून दोघंही ही मुभा सर्रास वापरतात. म्हणजे तिसरी कृती दुसरीच्या आधी होऊ शकते. पत्ता आधी लिहिला जातो, आतल्या किमती मागाहून भरल्या जातात.

असं समजा, की नवी इमारत आहे. बिल्डरने फ्लॅटच्या दारावर नावाची पाटी लावून टाकली, आत अजून प्लास्टर ओलं आहे, नळ बसायचेत. बिल्डरला स्वतःला काही फरक पडत नाही, तो संध्याकाळपर्यंत सगळं पुरं करणारच आहे. पण तेवढ्यात दुसरा माणूस आला, त्याने पाटी बघितली, ‘अरे, तयार दिसतंय’ म्हणाला आणि बिऱ्हाड घेऊन थेट आत घुसला. लॉक घेऊन आला असता तर बिल्डर बाहेर पडेपर्यंत थांबला असता. पण दोनदा तपासणीची सगळी मातब्बरी पहिली तपासणी बिनलॉकची आहे यातच होती, आणि भोकही नेमकं तिथेच होतं. दुसऱ्या थ्रेडला वस्तू ‘मिळते’, एकच मिळते, पण अर्धवट. आकडा शून्य, यादी गायब. वस्तू दोन झाल्या असत्या तर कधीतरी कोणाच्या लक्षात तरी आलं असतं. इथे वस्तू एकच आहे, आणि एका क्षणासाठी ती खोटी आहे.

हे कागदावरचं भूत नव्हतं. सिमँटेकच्या जस्ट-इन-टाइम कंपायलरने काढलेलं मशीन कोड लोकांनी उघडून पाहिलं, तेव्हा त्यात अगदी हेच सापडलं: जागा घेतली, लगेच पत्ता लिहिला, आणि कन्स्ट्रक्टरचं काम त्यानंतर. म्हणजे साध्या इंटेल मशीनवरसुद्धा, प्रोसेसरने काही खोडी न काढता, नुसत्या कंपायलरच्या करणीने ही पद्धत मोडत होती. पण मोडायची कधी, तर लाखात एकदा. टेबलावरच्या एका प्रोसेसरच्या मशीनवर बहुधा नाहीच, गिऱ्हाइकाच्या चार प्रोसेसरच्या सर्व्हरवर, गर्दीच्या वेळी. पुन्हा करून दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही. असली तक्रार आली की आपण काय करतो? सर्व्हर पुन्हा सुरू करतो आणि फाइल बंद करतो.

बरं, हे कोणालाच माहीत नव्हतं का? माहीत होतं, पण दुसऱ्या आळीत. १९७९ साली लेस्ली लॅम्पोर्टनी विचारलं होतं, की अनेक प्रोसेसर असलेल्या मशीनने बरोबर काम केलं असं केव्हा म्हणायचं? त्यांचं उत्तर असं: सगळ्यांच्या सगळ्या कृती जणू एकाच रांगेत, एकामागून एक झाल्या आणि प्रत्येकाचा आपापला क्रम त्या रांगेत टिकला, तर. आपण प्रोग्रॅम वाचताना मनात हेच गृहीत धरतो. पण हे पाळायचं तर मशीन मंदावतं, म्हणून व्यवहारातले प्रोसेसर ते पाळत नाहीत. यावर हार्डवेअरवाल्यांचं भरपूर संशोधन झालं होतं. त्याचा सोप्या भाषेतला आढावा सरिता अडवे आणि कौरोश घाराचोर्लू यांनी लिहिला, तो ‘कॉम्प्युटर’ मासिकात १९९६ च्या डिसेंबरात आला. साल बघा. दोनदा तपासणी मांडली गेली तेही १९९६ आणि ती का चालणार नाही हे ज्यातून कळलं असतं तो लेखही १९९६. एका गावात दोन आळ्या, आणि मधल्या रस्त्यावरून कोणाची ये-जा नाही.

ती ये-जा सुरू केली बिल प्यू यांनी. मेरीलंड विद्यापीठाचे प्राध्यापक, ‘स्किप लिस्ट’ ही डेटा ठेवण्याची रचना यांचीच. जावाच्या अधिकृत ग्रंथात १७ वं प्रकरण थ्रेड आणि लॉक यांच्याबद्दल होतं, आणि मेमरी कशी वागेल याचे नियम त्यात दिले होते. ही जावाची मोठीच गोष्ट होती, असा धर्मग्रंथ त्या काळी इतर प्रचलित भाषांकडे नव्हताच. पण प्यू यांनी ते प्रकरण बारकाईने वाचलं आणि १९९९ साली निबंध लिहिला, नाव ‘फिक्सिंग द जावा मेमरी मॉडेल’. त्यांना दिसलं की नियम दोन्हीकडून तोकडे आहेत. कंपायलर सर्रास करतात अशा निरुपद्रवी सुधारणा त्या नियमांनी निषिद्ध ठरत होत्या, म्हणजे बाजारातल्या बहुतेक जावा मशीन रोज नियमभंग करत होत्या. आणि उलट प्रोग्रॅमरला जी हमी हवी होती ती त्यात नव्हतीच.

एक उदाहरण तर ऐकण्यासारखं आहे. जावामध्ये स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, एकदा केली की बदलत नाही असं प्रत्येकाला शिकवतात. सुरक्षेच्या कित्येक गोष्टी त्यावर उभ्या आहेत. आता आठ अक्षरांच्या एका फोल्डरच्या पत्त्यातला मागचा चार अक्षरांचा तुकडा काढून वेगळी स्ट्रिंग केली, तर त्या काळच्या रचनेत मूळ अक्षरं तीच राहायची आणि नव्या स्ट्रिंगमध्ये फक्त ‘चौथ्या अक्षरानंतर सुरुवात, लांबी चार’ एवढी नोंद व्हायची. जुन्या नियमांनुसार दुसऱ्या थ्रेडला ही स्ट्रिंग मिळाली तर सुरुवातीचा आकडा त्याला आधी शून्य दिसू शकत होता आणि मग चार. म्हणजे त्याने एकदा वाचली तर पुढची चार अक्षरं, पुन्हा वाचली तर मागची चार. न बदलणारी वस्तू डोळ्यांदेखत बदलली! तेव्हा हा प्रश्न सिंगलटनपुरता नव्हता. सिंगलटनमुळे फक्त तो चव्हाट्यावर आला.

मग एक जाहीरनामाच निघाला, ‘दोनदा तपासणी मोडकी आहे’ अशा मथळ्याचा. खाली सह्या: बिल प्यू, डेव्हिड बेकन, जोशुआ ब्लॉक, क्लिफ क्लिक, डग ली, जेरेमी मॅन्सन आणि आणखी काही. ज्यांनी जावाची लायब्ररी लिहिली, ज्यांनी कंपायलर लिहिले, तीच ही माणसं. प्रोग्रॅमिंगच्या इतिहासात पाच-सहा ओळींविरुद्ध एवढ्या जाणकारांनी सह्या करून पत्रक काढल्याचं दुसरं उदाहरण आम्हाला तरी आठवत नाही.

लोकांनी मानलं का? कसले मानतात. ‘आमच्याकडे तर चालतंय’ हे पहिलं उत्तर. दुसरं उत्तर, डागडुजी. त्यातली एक डागडुजी हुशारीची होती म्हणून सांगतो. वस्तू आधी एका तात्पुरत्या जागी घडवायची, त्याभोवती आतल्या आत आणखी एक लॉक लावायचं, आणि ते लॉक सुटल्यावरच पत्ता जाहीर करायचा. युक्तिवाद असा, की लॉक सुटायच्या आधी आतली कामं पुरी व्हायलाच हवीत, तसा नियमच आहे. नियम आहे, खरं. पण लॉकनंतरचं काम आधीच आत ओढून घ्यायला नियमाची मनाई नाही! एस.टी.च्या दाराचं कसं असतं, बस सुटली की आतल्याला उतरू देत नाहीत, पण बाहेरचा धावत येऊन चढला तर कंडक्टर घेतो. पत्ता जाहीर करण्याची कृती तशी लॉकच्या आत चढून बसायची, आणि पुन्हा मूळ पदावर.

कोणी म्हणालं, लिहिणाऱ्याच्या बाजूला अडसर घाला, मेमरी बॅरियर. तर डीईसीच्या अल्फा प्रोसेसरवर तेवढ्यानेही भागेना. तिथे वाचणाऱ्यालाही अडसर लागायचा, नाहीतर त्याला पत्ता नवा आणि पत्त्यावरचा मजकूर जुना असं दिसू शकत होतं. कोणी म्हणालं, जागेला ‘व्होलाटाइल’ म्हणून जाहीर करा. पण जुन्या नियमांत व्होलाटाइल जागांचा क्रम फक्त एकमेकांत राखला जायचा, शेजारच्या साध्या जागांशी त्यांचा क्रम बांधलेला नव्हता. पाटी व्होलाटाइल केली तरी प्लास्टर ओलंच.

शेवटी २००१ साली जावाच्या पंचायतीत रीतसर प्रस्ताव दाखल झाला, जेएसआर-१३३, मेमरीचे नियम नव्याने लिहिण्यासाठी. प्यू, त्यांचे विद्यार्थी जेरेमी मॅन्सन, डग ली, आणि सरिता अडवे यांचा त्यात मोठा वाटा. अडवे यांचं नाव मघाशी आलं होतं. पवईच्या आयआयटीतून त्यांनी १९८७ साली इलेक्ट्रिकलची बी.टेक. केली आणि पुढे विस्कॉन्सिनला पीएच.डी. १९९० साली, विद्यार्थिनी असतानाच, मार्गदर्शक मार्क हिल यांच्याबरोबर त्यांनी एक निबंध लिहिला होता. त्यातली कल्पना आम्हाला या सगळ्या इतिहासातली सर्वात मोलाची वाटते. त्यांनी मशीन आणि प्रोग्रॅमर यांच्यात करार घातला. प्रोग्रॅमरने एवढंच करायचं: दोन थ्रेड जिथे एकाच जागेसाठी भिडू शकतात तिथे खूण करायची, लॉकची किंवा तत्सम. ही जबाबदारी त्याने पाळली, तर मशीनने लॅम्पोर्टची ती एका रांगेची शिस्त दाखवायची. बाकीच्या ठिकाणी मशीनने आतून काय वाटेल ती उलथापालथ करावी, कोणाला कळणार नाही. आधी लोक विचारायचे ‘हा प्रोसेसर नेमकं काय करतो’. आता विचारायचं ‘मी करार पाळला का’. दोनदा तपासणीने करार मोडला होता, बिनखुणेची जागा बिनलॉक वाचली होती.

कराराचा सोपा भाग लवकर ठरला. अवघड भाग वेगळाच होता: करार मोडणाऱ्याचं काय? इतर भाषेत म्हणता येईल, ‘मोडलास ना, आता तुझं नशीब’. पण जावा परक्याचा प्रोग्रॅम सुरक्षित चालवते अशी तिची ख्याती. चुकीचा प्रोग्रॅमसुद्धा हवेतून किंमत पैदा करू शकणार नाही, एवढी तरी हमी द्यायला हवी होती. ही हमी शब्दांत बसवताना बरीच वर्षं गेली. २००४ च्या सप्टेंबरात जावा ५ आली, नवे नियम घेऊन. मॅन्सन, प्यू आणि अडवे यांचा निबंध २००५ साली आला.

आणि सिंगलटनचं काय झालं? जुन्या दोनदा तपासणीत एक शब्द वाढवायचा: व्होलाटाइल. नव्या नियमांत व्होलाटाइल जागेवर लिहिण्याआधी जे जे केलं ते ते, ती जागा वाचणाऱ्याला दिसलंच पाहिजे. पाटी लागली म्हणजे प्लास्टर वाळलंय, नळ बसलेत. म्हणजे तोच शब्द, जो २००३ साली कुचकामी होता, तो २००४ साली पुरेसा ठरला. कोडमध्ये अक्षरसुद्धा न बदलता चुकीचा प्रोग्रॅम बरोबर झाला, कारण त्याच्या खालचा कायदा बदलला.

एव्हाना त्या युक्तीची गरजच कमी झाली होती. डेव्हिड बेकन आणि आयबीएममधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ सालीच ‘थिन लॉक’ दाखवले होते, ज्याच्यासाठी कोणी भांडत नाही ते लॉक स्वस्तात पडेल असे. शिवाय जावामध्ये क्लास पहिल्यांदा वापरला जातो तेव्हाच त्याची सुरुवातीची मांडामांड होते, आणि ती एकदाच, लॉकमध्ये होईल ही भाषेची हमी पहिल्यापासून होती. एका आतल्या छोट्या क्लासात वस्तू ठेवून दिली की आळसही साधतो आणि एकपणाही, तपासणी एकदाही नाही. जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’च्या २००८ च्या आवृत्तीत तर सांगून टाकलं, की एकच सदस्य असलेला इनम लिहा, बहुतेक वेळी सिंगलटनचा तोच उत्तम मार्ग. वस्तू फाइलीत साठवून परत वाचली की दुसरी प्रत जन्माला येते, ही एक जुनी डोकेदुखी होती, तीही त्याने गेली.

सी++ ची गोष्ट याहून बिकट. तिथे १९९८ च्या प्रमाणात थ्रेड हा शब्दच नव्हता, मग थ्रेडबद्दल हमी कुठून येणार? स्कॉट मायर्स आणि आंद्रेई अलेक्झांड्रेस्कू यांनी २००४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘डॉक्टर डॉब्ज’ मासिकात दोन भागांत लेख लिहून दाखवलं, की सगळीकडे चालेल अशी दोनदा तपासणी या भाषेत लिहिताच येत नाही. एकेक पळवाट घेतात आणि बुजवतात. हान्स बोम आणि पुन्हा अडवे यांनी मग सी++ साठी पाया घातला, निबंध २००८ चा. सी++ ने करार मोडणाऱ्याला मात्र जावासारखी दया दाखवली नाही. मोडला, तर काहीही होऊ शकतं.

सी++ मध्ये सिंगलटनच्या मरणाचाही प्रश्न होता, तो व्हिलिसिडिस यांनी १९९६ सालीच एका लेखात काढला होता: घडवली तर खरी, मोडणार कोण आणि केव्हा? अलेक्झांड्रेस्कू यांच्या २००१ च्या पुस्तकात याचं मजेदार उदाहरण आहे. कीबोर्ड, डिस्प्ले आणि लॉग असे तीन सिंगलटन. प्रोग्रॅम संपताना कीबोर्ड मोडताना काही चुकलं म्हणून तक्रार नोंदवायला लॉगकडे जावं, तर लॉग आधीच गेलेला. मेलेल्याला पुन्हा उठवायची सोय त्यांनी केली आणि तिला फिनिक्स असं नाव दिलं.

इकडे सिंगलटन लिहायचा कसा हे ठरत होतं, तोवर तो लिहावाच का हा प्रश्न उभा राहिला होता. त्यात एक गंमत आहे. १९९७ साली झुरिचहून अटलांटाला ऊप्स्ला परिषदेला जाताना विमानात एरिक गामा आणि केंट बेक यांनी मिळून जेयुनिट लिहिलं, छोट्या छोट्या चाचण्या आपोआप चालवणारं साधन. या चाचण्यांना प्रत्येक वेळी कोरी पाटी लागते. आणि सिंगलटन म्हणजे पुसता न येणारी पाटी! एका चाचणीने त्यात काही लिहून ठेवलं की पुढची चाचणी उगाच नापास. शिवाय एखादं फंक्शन आतून कुठल्या सिंगलटनवर विसंबून आहे हे त्याच्या तोंडावरून कळत नाही. चाचण्या जसजशा वाढल्या तसतसा सिंगलटन बदनाम झाला. वस्तू एकच ठेवा, पण ती कुठूनही ओढून घेऊ नका, बाहेरून हातात द्या, ही रीत रूढ झाली. २००९ साली पुस्तकाच्या पंधरा वर्षांनिमित्त गामा, हेल्म आणि जॉन्सन यांची मुलाखत झाली. व्हिलिसिडिस २००५ साली गेले होते. यादीतून काय वगळाल असं निघाल्यावर गामांनी सिंगलटन काढून टाकायला संमती दिली, तो दिसला की बहुतेक वेळा रचनेतच काही बिघडलेलं असतं, अशा अर्थाचं ते बोलले. ज्याने पॅटर्नच्या यादीत तो घातला त्यानेच त्याला पकडणारं साधनही लिहिलं.

आमचं मत विचाराल तर गामांचं म्हणणं रचनेपुरतं बरोबर आहे. पण सिंगलटन यादीत नसता, तर मेमरीचे नियम दुरुस्त व्हायला आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे. लॉक-फ्री रचना लिहिणारे मूठभर लोक ओरडत राहिले असते. इथे प्रत्येक कंपनीच्या कोडमध्ये तीच पाच-सहा ओळींची जागा दुखत होती, म्हणून सगळ्यांना ऐकावं लागलं.

राहता राहिली सी++. २०११ च्या प्रमाणात थ्रेड आले, अ‍ॅटॉमिक आले, मेमरीचे नियम आले, आणि त्याबरोबर एक बारीकसं कलम आलं: फंक्शनच्या आत स्टॅटिक म्हणून ठेवलेली वस्तू पहिल्यांदा घडत असताना दुसरा थ्रेड तिथे आला, तर त्याने थांबायचं. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये हे कलम २०१५ च्या आवृत्तीत उतरलं. आता तिथे सिंगलटनच्या फंक्शनमध्ये दोनच ओळी लागतात. पहिलीत स्टॅटिक वस्तू, दुसरीत ती परत करणं. लॉक दिसत नाही, तपासणी दिसत नाही. दोन्ही आहेत, फक्त ती आता कंपायलर लिहितो, आणि उघडून पाहिलंत तर बहुतेक ठिकाणी तो आत दोनदा तपासणीच लिहितो.

इथे आपण थांबू. पाणी घ्या, मग प्रश्न घेऊ.